आनुवंशिक, जन्मजात आणि पिढीजात

कोल्हापूरहून एका ताईंनी विचारलंय: मुलीच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता' छापलंय, दवाखान्यातल्या तक्त्यावर मात्र 'अनुवांशिक आजार' लिहिलंय. बरोबर कोणतं? आणि सासरी सगळे म्हणतात, 'पैलवानकी आमच्या रक्तातच हाय', तर तिला आनुवंशिक म्हणायचं का?

ताई, मुलीचं पुस्तक बरोबर आहे. मूळ शब्द 'अनुवंश'. त्याला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ' होतो. समाज-सामाजिक, अनुषंग-आनुषंगिक, तसंच अनुवंश-आनुवंशिक. घोटाळा होतो तो 'वांशिक'मुळे. तो आपल्या जागी शुद्धच आहे, पण त्याचा अर्थ मानववंशाशी संबंधित, जसा वांशिक भेदभाव. त्या तयार शब्दाला मागाहून 'अनु' चिकटवला की 'अनुवांशिक' होतो. पारलौकिक, आधिभौतिक अशा काही शब्दांत दोन्ही पदांची वृद्धी होते हे खरं, पण तिथेही पहिला स्वर सुटत नाही. 'अनुवांशिक'मध्ये नेमका तोच सुटलाय.

मला मात्र शुद्धलेखनापेक्षा अर्थाची काळजी जास्त वाटते, कारण 'आनुवंशिक' आणि 'जन्मजात' सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. गरोदरपणात आईला रुबेला हा विषाणूचा आजार झाला, तर बाळ बहिरं किंवा मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकतं. हा दोष जन्मजात, आनुवंशिक नव्हे. तो त्या बाळाच्या लेकरांकडे जात नाही. उलट हंटिंग्टनचा मेंदूचा आजार आईबापाकडून आलेल्या सदोष जनुकामुळे (जीनमुळे) होतो, म्हणजे तो आनुवंशिक, पण त्याची लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. रुबेलाच्या बाळाला कुणी 'आनुवंशिक' म्हटलं, की त्या आईला 'तुमच्या घराण्यातच खोट आहे' हे ऐकावं लागतं. शब्द चुकल्याने माणूस दुखावतो, तो असा.

'घराण्यात कुणालाच नाही, मग आनुवंशिक कसा?' असंही विचारतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. आईबाप दोघेही फक्त वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे सदोष जनुकाची एकच प्रत असेल, तर दोघांना सहसा काही त्रास नसतो. पण प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

आता 'रक्तात'. बोलताना हा शब्द खुशाल वापरा, विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत नको. गुण खरंच रक्तातून पुढे जातात का, हे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७१ च्या सुमारास तपासून पाहिलं. चंदेरी-राखी सशांच्या अंगात त्यांनी दुसऱ्या जातीच्या सशांचं रक्त घातलं. पुढे त्यांना पिल्लं झाली ती चंदेरी-राखीच. गुण पुढे जातात ते जनुकांतून, आणि जनुकं असतात गुणसूत्रांवर. माणसात ही गुणसूत्रं ४६. २३ आईच्या बीजांडातून आणि २३ बापाच्या शुक्राणूतून आलेली.

मग पैलवानकीचं काय? उंची, हाडापेराची ठेवण यांत जनुकांचा वाटा मोठा, त्यांना आनुवंशिक म्हणायला हरकत नाही. पण गंगावेस तालमीतल्या जोर-बैठका, खुराक, वस्तादांनी शिकवलेले डाव हे ज्याचं त्याला कमवावं लागतं. पैलवानाचे चुरगळलेले कानच बघा. बाप आणि आजा दोघांचे कान तसे असले, तरी पोर धडक्या कानांचंच जन्मतं. आयुष्यात शरीराला झालेली अशी इजा जनुकांत उतरत नाही.

घरात शिकून, बघून, परंपरेने पुढे आलेल्या गोष्टीसाठी मराठीत 'पिढीजात' हा सुंदर शब्द आहे. चपलांचं काम पिढीजात, गुऱ्हाळ पिढीजात, तशी तुमच्या सासरची पैलवानकीही पिढीजात. तिला 'वडिलोपार्जित' मात्र म्हणू नका. तो शब्द वाडवडिलांनी मिळवून ठेवलेल्या शेताला, घराला शोभतो.