घरच्या व्हिडिओसाठी कॅमकॉर्डर घेताना
भावा, दुकानदार खोक्यावरचा शेकडो पटींचा डिजिटल झूम दाखवेल, तिकडं लक्ष देऊ नकोस. तो झूम चित्र नुसतं ताणतो. ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सनं खरंच जवळ आणणारा, किती ते विचार. बाहेरचा माइक लावायची सोय तर हवीच. बारशात आजीनं म्हटलेला पाळणाच नीट ऐकू आला नाही, तर फोर-के, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारं चित्र, घेऊन काय करायचंय?

घरात ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर १/५० सेकंद ठेव. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाणार असशील तर लेन्सवर यूव्ही फिल्टर चढवूनच जा. गुलाल बसला की कापडानं पुसू नकोस, आधी रबरी ब्लोअरनं उडव; तसाच घासलास तर ओरखडे आलेच.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घरच्या कामाला पुरून उरते. फोर-के अडखळत चाललं तर प्रॉक्सी फाइल (मूळ फाइलची हलकी प्रत) बनवून काम कर, लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायची घाई नको.

मेमरी कार्डावरचं शूटिंग पुसायच्या आधी मूळ फाइल दोन डिस्कवर घे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आठव, आणि एक डिस्क उंचावरच्या भागातल्या पाहुण्यांकडं ठेव.