वर्दी उतरवल्यानंतरचा दवाखाना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

लष्करातील शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीची, मुदत संपवून हडपसरला दवाखाना थाटण्याचा तुझा बेत कळला. जागेचे भाडे, पाटी आणि यंत्रे यांविषयी तू सविस्तर लिहिले आहेस. रुग्णाविषयी मात्र एक ओळही नाही, म्हणून मी त्याच्याविषयीच लिहितो.

वानवडीच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आणि पुढे युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या तपासणी-दवाखान्यात, तू जे वैद्यक केलेस, त्याच्या पाठीशी एक मोठी व्यवस्था उभी होती. जवानाला औषध मोफत मिळते, त्याच्या आजारपणाची नोंद त्याच्या कागदपत्रांत राहते, आणि तो शेप-वनमधून, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीच्या श्रेणीतून, खाली आला असेल, तर तारीख येताच युनिटच त्याला फेरतपासणीला पाठवते. बाहेर यातले काहीच गृहीत धरता येत नाही. रुग्ण पिशवीत तीन डॉक्टरांचे कागद कोंबून आणतो, नेमका हवा तो रिपोर्ट घरी राहिलेला असतो, आणि तू लिहिलेली महिन्याभराची चिठ्ठी मेडिकलवाल्यापुढे ठेवून तो हळूच म्हणतो, "सध्या पाच दिवसांच्याच द्या." पुढच्या खेपेस रक्तदाब चढलेला दिसला, की गोळी लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवण्याचा मोह होईल. त्याआधी गोळ्यांची पाकिटे पाहायला माग, आणि "औषध घेता ना?" असे न विचारता "शेवटची गोळी कधी घेतली?" असे विचार, पहिल्या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात.

पैशांचा विषय तूच काढ, आणि तोही तपासण्या लिहून देण्यापूर्वी. संकोचाने रुग्ण बोलणार नाही, फक्त पुन्हा येणार नाही. मोठा खर्च दिसत असेल, तर राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा राखीव असतात, हे त्याला सांग. रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचे, इतके कागदावर लिहून दे. हा सल्लाही उपचारातच मोडतो, असे माझे मत आहे.

माजी सैनिकांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटी काम मिळाले तर जरूर घे, परंतु सगळा वेळ तिथे देऊ नकोस. तिथला सुभेदार अजूनही "जी साब" म्हणतो, आणि नवी सवय लागण्यास ते अडचणीचेच आहे.

राहता राहिला कायदा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. तेव्हा व्यावसायिक दायित्वाचा विमा दवाखाना उघडण्याआधी उतरव. नोंदी लिहिण्याची लष्करी शिस्त तुझ्याकडे आहेच. तीत एका रकान्याची भर घाल: रुग्णाने काय नाकारले आणि का. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही आताच पाहून ठेव. विम्याचा मसुदा हाती आला की रविवारी घेऊन ये, अटी दोघे मिळून वाचू.

तुझा,
सर