एक्स-रे नॉर्मल आहे तरी रुमॅटॉलॉजिस्टनी (सांधेवाताच्या डॉक्टरांनी) एसआय जॉइंटचा (कंबरेच्या तळाशी मणका आणि कटीचं हाड जुळतं तो सांधा) एमआरआय सांगितलाय, खरंच गरज असते का?

करून टाका. मी डॉक्टर नाहीये, पेशंट आहे, पण याच प्रश्नात माझी चार वर्षं गेली म्हणून लिहितोय.

पहाटे कंबर आखडते, तासभर सुटत नाही, हिंडलं-फिरलं की बरं वाटतं आणि पडून राहिलं की वाढतं असं तुम्ही लिहिलंय, माझंही डिट्टो हेच होतं; अशा त्रासात शंका असते ती कंबर-मणक्याच्या सांधेवाताची (स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस). एक्स-रे दोनदा नॉर्मल आला आणि दोन्ही वेळा मी खूश, म्हटलं बसून काम करतो म्हणून दुखत असेल. पण एक्स-रेत हाड दिसतं हो, हाडाच्या आतली सूज नाही दिसत. सांध्याच्या कडा कुरतडल्या गेल्या, सांधा जुळायला लागला की मग तिथे काहीतरी उमटतं, आणि तोवर कित्येकदा वर्षं जातात. हा आजार ठरवायचे 1984 चे निकष एक्स-रेवरच होते, 2009 च्या निकषांत एमआरआय आला तो यासाठीच. एमआरआयमध्ये स्टर (STIR) नावाचा सिक्वेन्स, म्हणजे फोटो काढायची एक पद्धत असते, चरबी काळी पडते आणि सुजेचं पाणी पांढरं चमकतं. माझ्या रिपोर्टात दोन्ही बाजूंना चमकत होतं!

एक मात्र बघा, चिठ्ठीवर 'एसआय जॉइंट' स्पष्ट लिहून घ्या. मी आधी नुसता कंबरेच्या मणक्यांचा करून बसलो होतो, त्यात हे सांधे नीट येतच नाहीत. कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) बहुतेक वेळा लागत नाही.

आणि उलटंही होतं बरं का, खूप धावणाऱ्यांत किंवा नुकतीच डिलिव्हरी झालेल्या बायकांत थोडी चमक तशीही दिसू शकते, म्हणून नुसत्या रिपोर्टवरून स्वतःच निदान करू नका, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला जीन), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि तुमचा त्रास सगळं मिळून डॉक्टर ठरवतात.

दर वर्षी एमआरआय करावा लागेल का म्हणाल तर माझा तरी परत केला नाही, सकाळची आखड किती वेळ टिकते आणि सीआरपी किती यावर चाललंय. बोटांच्या आमवातात डॉप्लर सोनोग्राफीने सूज छान दिसते, पण नॉर्वेत 2016 च्या आर्क्टिक ट्रायलमध्ये प्रत्येक वेळी सोनोग्राफी बघून औषधं वाढवली तरी नेहमीच्या तपासणीपेक्षा जास्त फायदा काही झाला नाही. निदानाला फोटो हवा, नंतर गरज पडेल तेव्हाच.

जाताना जुने एक्स-रे घेऊन जा, तुलनेला लागतात.