पहिल्या सत्रात एकच साधन पुरे

मॅडम, वर्गात वापरायच्या सहा ॲप्सची यादी पाठवून सुरुवात कुठून करू असं विचारलंत; ती सहाही बाजूला ठेवा, एकच घ्या. मी प्लिकर्स या प्रश्नोत्तरांच्या ॲपपासून सुरुवात करेन. मुलांच्या हातात छापलेली कार्डं, मोबाईल फक्त तुमच्याकडे. मुलं कार्ड फिरवून उत्तर दाखवतात, तुमचा कॅमेरा टिपतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी एकच फोन, तोही दिवसभर बाबांबरोबर लोकलमध्ये!

नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका:

- वर्गातल्या नेटवर विसंबणं. व्हिडिओ आदल्या रात्रीच डाउनलोड करा, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोडही घरी उघडून बघा.
- पालकांना न विचारता मुलांचे फोटो टाकणं.
- 'काहीतरी क्रिएटिव्ह करा' एवढंच सांगणं. माझ्या पहिल्या वर्षी पालकच रात्री अकराला थर्माकोल कापत बसले होते.

त्यापेक्षा काम छोटं आणि जवळचं द्या. चौघांचा गट, ठाण्यातल्या मसुंदा तलावाकाठच्या एखाद्या विक्रेत्याशी गप्पा, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. प्रश्न मात्र आधी वहीत लिहून घ्या. ऐरोलीकडे असाल तर हिवाळ्यात खाडीतले फ्लेमिंगो आहेतच; ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, तो कशासाठी हे मुलांनाच शोधू दे.

एडिटिंग, ॲनिमेशन वगैरे दिवाळीनंतर बोलू.