घरी रायफल जोडायची म्हणतो, पण डुक्कर अडते खालच्या तारेले

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू म्हणतो अमेरिकेतले व्हिडिओ पाहून राहिलो, तिथले लोक अॅक्शन (बोल्ट अन् तो सरकते तो सांगाडा) एकीकडून, बॅरल म्हणजे नळी दुसरीकडून, स्टॉक म्हणजे दांडा अन् ट्रिगर तिसरीकडून मागवून घरच्या टेबलावर शिकारीची रायफल जोडतात, माझं वेल्डिंगचं दुकान आहे, जुना लेथ आहे, डुकरांनी दोन एकर हरभरा उखळून ठेवला, मग आपण एक थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे .३०-०६ काडतुसाची मोठी शिकारी रायफल, काऊन जोडू नये. लहान भाऊ समजून अरे-तुरे करून राहिलो, राग नको मानू.

नको जोडू. पण नुसतं "कायदा आहे" म्हणून सोडून दिलं तर तू ऐकणार नाही, मीही तुझ्या वयात ऐकलं नसतं, म्हणून नीट सांगतो.

पहिले अमेरिकेचं. तिथं १९६८ च्या कायद्याप्रमाणे रायफल म्हणजे फक्त रिसिव्हर, ज्याच्यात बोल्ट सरकते अन् ज्याच्यावर नंबर असतो तो तुकडा. तो माणूस तेवढं दुकानातून कागदपत्रं करून घेते, बाकी बॅरल-स्टॉक पोस्टानं घरी येते, जसं आपल्याकडं मोटरपंपाचं सामान येते. म्हणजे व्हिडिओत जे "घरी बनवलं" दिसते ते बनवणं नाहीच, ती जोडणी आहे. बॅरल कारखान्यात चेंबर करून, म्हणजे काडतूस बसायची जागा कोरून, आलेलं असते. सॅव्हेज कंपनीनं १९५८ मध्ये ११० नंबरचं मॉडेल काढलं, त्याच्यात बॅरल नटनं बसते, म्हणून तिथल्या हौशी लोकांले ते सोपं जाते. रेमिंग्टन ७०० च्या अॅक्शनवर तर सामानाचा अख्खा बाजार उभा आहे. आणि एवढं सगळं तयार मिळूनही तो माणूस शेवटी गेज लावून हेडस्पेस पाहते, म्हणजे बोल्टचं तोंड अन् काडतूस जिथं जाऊन टेकते त्याच्यातलं अंतर. हे अंतर इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. आपल्या डोक्याचा केस तीनेक हजारांश इंच जाड असते, दोन केसांचा फरक पडला की "ठीक" चं "फेकून दे" होते. तुझ्या लेथचा चक किती हलते ते तुलेच माहीत.

आता आपलं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये "शस्त्र" या शब्दाच्या व्याख्येतच सुटे भाग येतात, अन् शस्त्र बनवायची मशिनरीही. म्हणजे तू नुसतं बॅरल मागवलं तरी ते शस्त्रच, अजून जोडलं नव्हतं साहेब हे म्हणता येत नाही. बनवायले, दुरुस्त करायले, चाचणी घ्यायले, सगळ्याले कलम ५ चा वेगळा परवाना लागते, अन् तो बंदूक बाळगायच्या परवान्यापेक्षा वेगळा. माझ्याकडं बारा बोरचा परवाना आहे, तरी मी तिचा घोडा घरी बदलू शकत नाही, परवानाधारक कारागिराकडंच न्यावी लागते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बनवल्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आधी ती तीन ते सात होती. बिनपरवाना नुसती बाळगली तर दोन ते पाच. हरभऱ्याचा भाव काय चालू आहे अन् सात वर्षं म्हणजे किती हंगाम, तूच हिशोब लाव.

पण समज कायदा नसता, तरी मी नकोच म्हटलं असतं. थर्टी-ऑट-सिक्सच्या काडतुसात दाब साठ हजार पीएसआयपर्यंत जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात आपण वीस-बावीसच्या आत हवा मारतो. हा साठ हजारांचा दाब तुझ्या गालापासून चार बोटांवर तयार होते. कारखान्यातली प्रत्येक रायफल आधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस लावून उडवतात, टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात. तुझ्या दुकानात तो शिक्का कोण मारणार? आमच्या बाजूच्या गावात एकानं पाइपची बनवली होती, मी नाव-गाव सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या बाराले मागूनच फाटली. मी त्याले मोटरसायकलवर मधात बसवून नेलं, मागं त्याचा भाऊ हात दुपट्ट्यात धरून, अन् माणूस सारखं एकच विचारे, अंगठा आहे ना रे, अंगठा आहे ना. नव्हता. आता तो डाव्या हातानं डवरा धरते. पोलिसांचं वेगळंच.

आणखी एक, याच्यावर कोणी बोलत नाही. रायफल ही आपल्या वावरासाठी वस्तूच नाही बाप्पा. तिची गोळी चुकली तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आपली जमीन सपाट, मधात ना टेकडी ना काही, अन् हरभऱ्याच्या दिवसांत रात्री चहूकडं धुऱ्या-धुऱ्यावर जागलीवाले बसून असतात, कोणाची शेकोटी, कोणाची बॅटरी, कोणी बिनआवाजाचा गोधडी घेऊन झोपलेला. काळोखात तू काय हाललं म्हणून मारशील? म्हणूनच वावराच्या रखवालीसाठी कायद्यानं रायफल धरलीच नाही. कलम १३ मध्ये साफ लिहिलं आहे, पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे आपली भरमार, अन् तेवढ्यानं भागत नाही असं अधिकाऱ्याले पटलं तर दुसरी एखादी बिनआट्यांची, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची, छर्ऱ्याची.

आमच्या आजोबाजवळ भरमार होती. गजानं ठासायची, टोपी लावायची, अन् पावसाळ्यात दारू सादळली की नुसती "चट्" करे अन् डुक्कर मान वर करून पाहे. आजोबा म्हणत, बार मारण्यापेक्षा वासानं जास्त पळतात. ते गेले तेव्हा वडिलांनी ती ठाण्यात जमा केली, कारण परवाना माणसाचा असते, घराचा नाही, वारसाले नवा काढावा लागते. तू कोणाच्या घरी आजोबाची जुनी पडली आहे, ती घेऊन दुरुस्त करतो असा विचार करत असशील तर तोही रस्ता बंद समज.

खरंच कायदेशीर बंदूक पाहिजे असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडं, पोलिसांचा अहवाल, बंदूक सुरक्षित वापरायचं प्रशिक्षण, सातबारा, सगळं लावून बस. वेळ लागते, चकरा होतात. मिळाली तर परवाना पाच वर्षांचा, अन् प्रत्येक निवडणुकीले बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येते, नेमका हरभरा घाट्यावर असताना. रायफलच पाहिजे असा हट्ट असला तर इशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोरची आहे, ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी फौजी रायफलीच्या अॅक्शनवरची. थर्टी-ऑट-सिक्सही ते बनवतात. म्हणजे तुझ्या स्वप्नातली वस्तू या देशात शिक्क्यासकट मिळते, फक्त परवान्यावर.

आणि बंदूक आली म्हणजे डुक्कर मारता येते असंही नाही, इथं लय लोक फसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ९, शिकार बंद. नुसतं मारणं नाही, मारायचा प्रयत्न, फासा लावणं, हाकलून नेणं, सगळं शिकारीतच मोजतात. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी अन् रोह्यासाठी (नीलगायीसाठी) कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, त्याच्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज करायचा, परवानगी हातात आल्यावरच, परवान्याच्या बंदुकीनंच. अन् मारलेलं जनावर सरकारचं, कलम ३९. मटणाचा बेत करणारे जे चार दोस्त तुले चढवून राहिले असतील ना, त्याईले हे कलम वाचून दाखव, अर्धे तिथंच गळतात.

तुझ्या प्रश्नात मले दोन खाजा दिसल्या. एक डुकराची, एक हातानं काही बारीक काम करायची. दुसरीले मी हसत नाही, ती मलेही आहे. त्याच्यासाठी १७७ बोरची एअर रायफल घे. वीस ज्यूलच्या आत ताकद असली तर परवाना लागत नाही, ओळखपत्र देऊन दुकानातून मिळते. तिचा दांडा बनव. सागाचा बरा जाते कापायले, शिसम जड पण देखणा. कोपर काटकोनात वाकवून ट्रिगरच्या बोटापर्यंत माप घे, त्याच्यावर मागची लांबी ठरव, गालाखालची उंची कानशीनं थोडी-थोडी कमी करत जा, डोळे मिटून खांद्याले लाव, उघडले की नळीच्या टोकावरची नेमाची माशी बरोबर रेषेत दिसली पाहिजे. मी एका दांड्यावर अख्खा उन्हाळा घातला अन् शेवटी एक कानस जास्त बसली, गाल खाली गेला, वरून चामड्याचा तुकडा चिकटवावा लागला, तो अजून तसाच आहे. दहा मीटरवर जे लोक स्पर्धा खेळतात त्याईच्या कागदावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असते. तो मारून पाह्य, मग कळते कस्टम म्हणजे काय. स्प्रिंग मात्र बदलून ताकद वाढवू नको, वीसच्या वर गेली की परत परवान्यात आली. अन् तिनं डुकराले मारायचं मनातही आणू नको. मरणार नाही, जखमी होऊन कोणाच्या तरी बाईले तुरीत आडवं येईल.

आता डुकराचं. आमचं वावर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूले, मी हे बारा-तेरा वर्षं करून पाहिलं. साड्या बांधल्या, केस टाकले, फटाके, रेडिओ लावून ठेवला, चार दिवस चालते, पाचव्या दिवशी डुक्कर रेडिओ ऐकत हरभरा खाते. टिकलं ते फक्त झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून झटका सोडणारं यंत्र. अन् झटका मशीन म्हणजे लाइनची तार नव्हे, हे दहा वेळा सांगतो. घरची २३० ची लाइन तारेत सोडली तर ती सोडत नाही, माणूस चिकटून जाते, दरवर्षी आपल्याकडं शेतकरी स्वतःच्याच तारेले जातात, नाहीतर शेजारी, अन् सदोष मनुष्यवध लागते. वाघ गेला तर कमीत कमी तीन वर्षं, सातपर्यंत. मशीनचा झटका सेकंदाले एक, पापणी लवायच्या आत संपते. व्होल्ट हजारांत असले तरी त्याच्या ताकदीले मानकात पाच ज्यूलची मर्यादा आहे. दुकानदार "आपलं जास्त जोराचं आहे" म्हणाला तर तिथून उठ. अभयारण्याच्या बाजूच्या गावांत सौर कुंपणाले अनुदान मिळते, श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेत, गाव यादीत आहे का ते वनरक्षकाले विचार.

लोक मशीन आणतात अन् चुकतात तारेत. माणसाच्या कमरेएवढी एक तार ओढतात अन् म्हणतात डुक्कर येते. येईलच ना, ते खालून येते, नाक जमिनीले लावून. पहिली तार जमिनीपासून सहा ते आठ इंच, दुसरी दीड फुटाच्या आत, अन् रोही असेल तर वर साडेचार-पाच फुटांवर एक. झटका नाकाले बसला पाहिजे, पाठीवरच्या केसाईले नाही. खालच्या तारेले गवत टेकलं की सगळा करंट जमिनीत, म्हणून दर आठ दिवसाले विळा घेऊन फिरणं आलं. ओला बांबू खांब म्हणून लावला असेल तर इन्सुलेटर लावल्याशिवाय तार बांधू नको, पावसात बांबूच करंट पिते.

अन् अर्थिंग. इथं काळ्या मातीचा माणूस मार खाते. डिसेंबरात मशीन मस्त टिक-टिक करते, डुक्कर तारेले लागलं की बोंबलून पळते, अन् फेब्रुवारीत तीच मशीन, तीच टिक-टिक, पण डुक्कर आरामात पार. मी दोन हंगाम मशीनले शिव्या दिल्या, एकदा बदलूनही आणली. मग समजलं, जमीन भेगाळून वाळली, करंट जनावराच्या पायातून जमिनीत जाऊन परत मशीनकडं येतच नाही. त्याच्यावर उपाय सोपा निघाला, खालून पहिली तार झटक्याची ठेवली अन् दुसरी तार सरळ अर्थिंगले जोडून टाकली, डुक्कर दोन्हीले एकदम लागलं की झालं, माती कितीही वाळो. रॉड सहा फुटी, कमीत कमी तीन, एकमेकांपासून दहा फुटांवर, घरच्या वायरिंगच्या अर्थिंगपासून लांब, अन् उन्हाळ्यात दोन दिवसाआड एकेक बादली पाणी.

यंदाच्या नुकसानीच्या भरपाईचा अर्ज नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं टाक, मी एकदा चौथ्या दिवशी गेलो अन् तसाच परत आलो. खुरांचे फोटो दुपारच्या आत काढ, नंतर वाऱ्यानं मिटतात, बाजूले चप्पल ठेवून काढ म्हणजे माप कळते.

तुझी सध्याची तार किती उंचीवर आहे अन् रॉड किती गाडले ते सांग, जमलं तर खालच्या तारेचा एक फोटो टाक, गवतासकट.