जुन्या धुनेवर नवी कॉयर-रचना (समूहगायनाची रचना) करताना
आधी धुनेचा लॅटिन मजकूर मोठ्याने वाचा, आघातांवर खुणा करा, स्वर नंतर. ग्रेगोरियन धून, म्हणजे चर्चमधलं जुनं एकसुरी लॅटिन गाणं, चार-चारच्या ठेक्यात कोंबू नका. ती दोन-तीन स्वरांच्या गटांनी चालते. डोरियनमध्ये (काफी थाटासारख्या जुन्या चर्च-सप्तकात) शेवटी सातवा स्वर चढवायचा मोह होतो. चढवलात की सगळं नेहमीच्या पाश्चात्त्य मायनर सप्तकासारखं वाटू लागतं. लगतचे स्वर एकत्र हवेत तर सोप्रानो-अल्टोत, म्हणजे वरच्या आवाजांत ठेवा. बास-टेनरमध्ये, म्हणजे खालच्या आवाजांत, पंचमाचं किंवा अष्टकाचं अंतर बरं, खाली गर्दी झाली की नुसता गढूळपणा. एस्टोनियन संगीतकार आर्व्हो पार्टची 1976 पासूनची युक्ती करून बघा: एक आवाज पायरीपायरीने, दुसरा फक्त मूळ त्रिस्वरातून (सा-ग-प). आणि 16 गायकांचे आठ भाग? नकोच. भागाला दोघंच उरतात. लांब स्वरात एकाने श्वास घेतला की दुसरा उघडा पडतो.