वाचकांचे प्रश्न : पुस्तकाचे नाव ठाऊक नसेल, तर ग्रंथालयात काय मागावे?

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास घेऊन शिकते. सरांनी ‘१९७२चा दुष्काळ’ या विषयावर दोन हजार शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आहे. त्यात किमान सहा संदर्भ असावेत आणि त्यांपैकी इंटरनेटवरचे दोनपेक्षा जास्त नसावेत, अशी अट आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात गेले की ‘पुस्तकाचे नाव सांगा, काढून देतो’ असे सांगतात आणि मला तर नावच माहीत नसते. तिथल्या संगणकावर ‘दुष्काळ’ असा शोध घेतला, तेव्हा एक कथासंग्रह आणि स्पर्धा परीक्षेचे एक गाइड एवढेच निघाले. माझी आजी त्या वर्षी खडी फोडायच्या कामावर होती, म्हणून हा निबंध मनापासून लिहायचा आहे. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, सांगोला तालुका

उत्तर : तुम्ही ज्या खिडकीपाशी उभ्या राहिलात ती देवघेव विभागाची आहे आणि तिथे पुस्तकाचे नाव विचारणे हे त्या कर्मचाऱ्याचे कामच आहे. तुमचे काम संदर्भ विभागात आहे. तो वेगळा नसेल, तर थेट ग्रंथपालांना भेटा. मात्र त्यांच्याकडे विषय घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. ‘१९७२चा दुष्काळ’ हे एखाद्या जाडजूड ग्रंथाचे शीर्षक होऊ शकेल. दोन हजार शब्दांत ते मावणार नाही. तुमच्या आजींनी वाट दाखवलेलीच आहे. त्या ज्या कामावर होत्या ती दुष्काळी कामे कशी चालत आणि त्यांतून पुढे रोजगार हमीचा कायदा कसा उभा राहिला, एवढाच प्रश्न घेतला तरी निबंधाला पुरून उरेल. असा नेमका प्रश्न कानावर पडला की चांगला ग्रंथपाल खुर्चीतून उठून कपाटाकडे चालू लागतो, हा माझा अनुभव आहे.

आता संगणकावरच्या शोधाविषयी. शोध फसला तो शब्दामुळे. महाराष्ट्राने १९६३ साली कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि सरकारी कागदांत ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द रूढ झाला. त्यामुळे ज्याला घरोघर दुष्काळ म्हणत होते, त्याची चौकशी करणाऱ्या सुकथनकर समितीच्या १९७३च्या अहवालाच्या नावातही ‘टंचाईग्रस्त क्षेत्र’ अशा अर्थाचेच शब्द आहेत. तेव्हा ‘टंचाई’, ‘अवर्षण’, ‘रोजगार हमी’ हे शब्द आणि इंग्रजीतले ‘ड्राउट’, ‘स्केअर्सिटी’, ‘एम्प्लॉयमेंट गॅरंटी’ हे सगळे एकामागून एक घालून पाहा. आणखी एक गोष्ट केवळ सवयीने कळते. अनेक कॉलेजांत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतात आणि ज्याने नोंद केली त्याचे स्पेलिंग हेच प्रमाण. ‘दुष्काळ’ एका अक्षराच्या फरकाने दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहिलात, तर लपलेली पुस्तके बाहेर येतील.

एक जरी कामाचे पुस्तक सापडले, तरी त्याचा बोधांक, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरचा आकडा, लिहून घ्या आणि परवानगी मागून स्वतः कपाटापर्यंत जा. बहुतेक कॉलेजांत ड्युई दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तके लावण्याची पद्धत, असते आणि त्यात शेजारचे पुस्तक सहसा त्याच विषयाचे असते. तुमचा विषय मात्र विखुरलेला आहे. शेतीचे अर्थशास्त्र ३३८.१ला, अन्नपुरवठा आणि दुष्काळ ३६३.८ला, मजूर आणि रोजगार ३३१मध्ये आणि महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ला. या चारही ठिकाणी पाच-पाच मिनिटे उभे राहून पुस्तकांच्या अनुक्रमणिका आणि शेवटची सूची चाळणे हे संगणकापुढे बसण्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरते. मराठी पुस्तकांचे कपाट बऱ्याचदा निराळे असते, तेही विचारा.

वाचनाचा पहिला तास मराठी विश्वकोशातल्या ‘दुष्काळ’ या नोंदीसाठी ठेवा. निबंधात विश्वकोशाचे उतारे घालण्यासाठी हे वाचन करायचे नाही. परिभाषा पक्की व्हावी आणि नोंदीखालच्या संदर्भांतून पुढची नावे मिळावीत, एवढ्यासाठीच ते करायचे. त्यानंतर १९७१च्या जनगणनेची सोलापूरची जिल्हा पुस्तिका मागा; दुष्काळाच्या तोंडावर सांगोला तालुक्यातील गावोगावची लोकसंख्या किती होती, हे तिच्यात मिळेल. गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, घेताना मात्र आवृत्ती पाहा. सोलापूरचे ब्रिटिश गॅझेटियर १८८४चे आहे आणि त्यात ज्या दुष्काळाचे वर्णन आहे, तो १८७६-७७चा आहे. दोन दुष्काळांची सरमिसळ झालेले निबंध मी पाहिले आहेत.

खरा ऐवज नियतकालिकांच्या बांधीव खंडांत आहे. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे १९७२ ते १९८०पर्यंतचे खंड तुमच्या ग्रंथालयात असतील, तर अंकांच्या अनुक्रमणिकांवरून बोट फिरवत जा. दुष्काळ चालू असताना लिहिलेले लेख त्यांत मिळतात आणि अशा लेखांना जो ताजेपणा असतो, तो पुढच्या पुस्तकांत उरत नाही. एक चांगला लेख मिळाला की त्याच्या तळटीपा वाचा. तुमचे उरलेले तीन-चार संदर्भ तिथेच बसलेले असतात. तळटीपेतला एखादा ग्रंथ कॉलेजात नसेल, तर ग्रंथपालांचे पत्र घेऊन विद्यापीठाच्या किंवा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात चौकशी करता येते.

इंटरनेटवरच्या दोन जागा वाया घालवू नका. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध प्रकरणवार आणि विनामूल्य वाचता येतात. प्रबंधाची संदर्भसूची आधी उघडा, प्रकरणे मागाहून. तुमचे कॉलेज एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-साहित्य योजनेत असेल, तर ग्रंथपालांकडून स्वतःच्या नावाचा लॉगिन घ्या. त्यावर घरबसल्या नियतकालिके आणि ई-पुस्तके वाचता येतात.

टिपणे काढताना प्रत्येक कागदाच्या माथ्यावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, बोधांक आणि पृष्ठ क्रमांक आधी लिहा, मजकूर नंतर. जसाच्या तसा उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत आणि स्वतःच्या शब्दांतला चिन्हांविना, हा भेद त्याच क्षणी करा. विद्यार्थिदशेत मी एका अवतरणाचा पृष्ठ क्रमांक टिपायला विसरलो आणि परत गेलो, तेव्हा तो खंड बाइंडिंगला गेलेला होता. दोन महिने थांबण्याऐवजी अवतरणच गाळावे लागले, आणि ते निबंधातले सर्वांत चांगले वाक्य होते.

वाचताना साले जुळेनाशी होतील, तेव्हा गोंधळू नका. रोजगार हमी योजना कुणी १९७२ची म्हणेल, कुणी १९७७ची, कुणी १९७९ची. योजना राज्यभर सुरू झाली १९७२मध्ये, कायदा संमत झाला १९७७मध्ये आणि अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. कोणता लेखक कशाला ‘सुरुवात’ म्हणतो, हे तुम्ही एका परिच्छेदात उलगडून दाखवलेत, तर निबंध स्वतः वाचन करून लिहिलेला आहे हे सरांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आजींची मुलाखत जरूर घ्या. काम पाझर तलावाचे होते की रस्त्याचे, मजुरी कुणाच्या हातात पडे, सुकडी, म्हणजे कामावर मिळणारा पूरक आहार, कोण वाटी, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी कशा लागत, हे विचारा. दिनांक आणि स्थळ घालून ती सातवा संदर्भ म्हणून द्या. सहांत मोजू नका.

प्रश्न : माझ्या मुलाने एआयकडून संदर्भांची यादी तयार करून घेतली. तीतली निम्मी पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयात सापडत नाहीत. ग्रंथालयच अपुरे समजायचे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : ग्रंथालयाला दोष देण्याआधी ती पुस्तके अस्तित्वात आहेत का, ते पाहावे. ही साधने खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेले पुस्तक बेमालूम चिकटवतात. मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचींत शीर्षक शोधावे आणि लेख असेल, तर खंड व वर्ष यांचा मेळ बसतो का ते तपासावे. उदाहरणार्थ, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हे नाव १९६६पासूनचे आहे. त्याआधी ते ‘इकॉनॉमिक वीकली’ होते. तेव्हा यादीत आजच्या नावापुढे १९५८ साल दिसले, तर ती नोंद खोडावी आणि बाकीच्या नोंदीही एकेक करून ग्रंथपालांसमोर ठेवाव्यात.